हिंवाळ्यांत घरांतला मळा

आपल्या महाराष्ट्रांत हिंवाळा हा भाजीपाल्याच्या सुकाळाचा ऋतु होय. मार्गशीर्ष-पौषांत बाजारांत जावें, तों मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर व मुळा यांच्या हिरव्यागार जुड्यांचे ढीग लागलेले दिसतात. त्यामुळें थंडीच्या दिवसांत घराच्या आंत हिरवा पाला पिकविण्याची कोणास गरज पडत असेल, ही कल्पनाच आपल्या मनास सहसा शिवत नाहीं. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असे पुष्कळ देश आहेत कीं, जेथें हिंवाळा म्हणजे हिरव्या पानाचा दुष्काळ. तेथें जमीन दगडासारखी कठीण होते, झाडें निष्पर्ण होतात आणि पेरलेलें बीं वसंतऋतूपर्यंत उगवत नाहीं. आज आगगाड्या, विमानें व शीतगृहें यांच्या साह्यानें तेथील बाजारांतही बारा महिने ताजी भाजी मिळते. दोनशें वर्षांपूर्वीं मात्र तशी सोय नव्हती. त्या काळीं हिंवाळ्यांत घरांत मूठभर पाला पिकविणें ही नुसती हौस नसे. प्रसंगीं तो जीवनमरणाचा प्रश्न असे.

हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों, याचें एक विशेष कारण आहे. त्या थंड प्रदेशांतील लोकांस ज्या दोन बियांनीं तारलें, त्या दोन्ही आपल्या स्वयंपाकघरांतील डब्यांत आहेत. एक मोहरी आणि दुसरे हळीव. मोहरी आपण रोज फोडणीस घालतों. हळिवाचे लाडू व खीर करून आपण बाळंतिणीस देतों. इंग्रज लोक ज्यास 'क्रेस' म्हणतात व ज्याचा कोवळा पाला कच्चाच भाकरीबरोबर खातात, ती वनस्पति म्हणजे आपला हळीवच होय. आपण दाणा खातों व ते पाला खातात, एवढाच काय तो भेद.

आतां या दोन बियांची हकीकत ऐका. सन १८१९ च्या मे महिन्यांत विल्यम एडवर्ड पॅरी नांवाचा इंग्रज आरमारी अधिकारी 'हेक्ला' व 'ग्रायपर' हीं दोन जहाजें घेऊन अमेरिका खंडाच्या उत्तरेकडून पॅसिफिक महासागराकडे जाण्याची वाट शोधण्यासाठीं निघाला. सप्टेंबरांत समुद्र गोठूं लागला आणि मेलव्हिल बेटाच्या किनाऱ्यास एका आखातांत दोन्ही जहाजांस मुक्काम करणें भाग पडलें. पुढील ऑगस्ट महिन्यापर्यंत बर्फानें त्यांस सोडलें नाहीं. नोव्हेंबरच्या आरंभीं मावळलेला सूर्य फेब्रुवारीपर्यंत क्षितिजावर आलाच नाहीं. म्हणजे सुमारें तीन महिन्यांची ती एकच रात्र! बाहेर थंडी उणे ४० अंशांच्याही खालीं जाई.

अशा मुक्कामांत खलाशांस सर्वांत मोठें भय असे तें स्कर्व्ही नांवाच्या रोगाचें. या रोगांत हिरड्या सुजून त्यांतून रक्त वाहूं लागतें, दांत हलूं लागतात, अंगावर काळेनिळे डाग पडतात, भरून आलेल्या जुन्या जखमाही पुन्हां उघडतात आणि उपाय न झाल्यास मनुष्य दगावतो. जेम्स लिंड नांवाच्या वैद्यानें १७४७ सालीं 'सॅलिसबरी' जहाजावर बारा रोगी निवडून, दोघांदोघांस निरनिराळे उपाय देऊन पाहिले. ज्या दोघांस संत्रीं व लिंबें मिळालीं, ते सर्वांच्या आधीं बरे झाले. पुढें आरमारांत लिंबाचा रस देण्याचा प्रघात पडला व पॅरीनेंही तो रस बरोबर नेला होता. परंतु तेथील थंडी अशी भयंकर कीं, रस गोठून कांहीं बाटल्याच फुटून गेल्या.

१८२० च्या जानेवारी महिन्याच्या आरंभीं 'हेक्ला' जहाजावरील तोफांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यास स्कर्व्हीचीं लक्षणें दिसूं लागलीं. पॅरीनें काय केलें? लहान उथळ पेट्या घेतल्या, त्यांत माती भरली, मोहरी व हळीव पेरले आणि त्या पेट्या आपल्या खोलींतील शेगडीच्या नळाच्या कडेनें मांडून ठेविल्या. बाहेर सर्व सृष्टि गोठलेली असतां त्या नळाच्या उबेवर सहाव्या-सातव्या दिवशीं पीक कापणीस येऊं लागलें. पेट्या आळीपाळीनें पेरल्यामुळें दोन-तीन रोग्यांस दररोज प्रत्येकीं सुमारें एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, कोवळा पाला देतां येई. तो अधिकारी नवव्या दिवशीं संध्याकाळीं जहाजावर हिंडूं-फिरूं लागला आणि आपण आतां धांवण्याच्या शर्यतींतही उतरूं, असें सांगूं लागला. लिंबाचा रसही त्यास मिळत होता. तेव्हां सर्व श्रेय एकट्या पाल्यास देणें बरोबर होणार नाहीं. तरी ताज्या पाल्याची योग्यता पॅरीनें ओळखली होती, हें निर्विवाद आहे.

मूठभर पाल्यांत असें कोणतें सामर्थ्य होतें, हें त्या काळीं कोणासही सांगतां आलें नसतें. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं शास्त्रज्ञांनीं त्याचा छडा लावला. ताजीं फळें व हिरवीं पानें यांत 'क' जीवनसत्त्व नांवाचें द्रव्य असतें. बहुतेक पशु तें आपल्या शरीरांत स्वतः तयार करितात. मनुष्यास तें साधत नाहीं, म्हणून त्यास तें अन्नांतूनच मिळावें लागतें. सुक्या धान्यांत व सुक्या कडधान्यांत तें जवळजवळ नसतेंच. परंतु दाणा भिजून त्यास मोड आला कीं, तो जिवंत अंकुर हें द्रव्य स्वतःसाठीं बनवूं लागतो. बरणींत वर्षभर पडून राहिलेला निर्जीवसा दाणा दोन-तीन दिवसांत औषधी गुणाचा होतो, ही निसर्गाची केवढी किमया!

या ज्ञानाचा आपल्या लोकांशीं फार जवळचा व दुःखद संबंध आहे. पहिल्या महायुद्धांत इराकांतील कूत-अल्-अमारा येथें तुर्कांनीं इंग्रजांच्या फौजेस वेढा दिला. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो चालला. त्या फौजेंत मराठा पलटणींचे शिपाईही होते. ताजी भाजी मिळेना, घोड्याचें मांस खाण्यास बहुतेक हिंदी शिपाई तयार होईनात, आणि त्यांच्यांत स्कर्व्हीनें फार जोर केला. अशा ठिकाणीं फौजेस काय द्यावें, या प्रश्नाचा विचार लंडनच्या लिस्टर संस्थेंत हॅरिएट चिक बाई व त्यांच्या सहकारी यांनीं केला. वाटाणा व मसूर यांचे सुके दाणे स्कर्व्ही टाळूं शकत नाहींत, परंतु तेच दाणे भिजवून मोड आणले असतां टाळूं शकतात, असें त्यांनीं प्राण्यांवर प्रयोग करून १९१९ सालीं प्रसिद्ध केलें. ज्या कडधान्याचें पोतें शिपायाजवळ पडलेलें असतें, त्यांतच त्याचें औषध दडलेलें असतें. उणीव असते ती ओंजळभर पाण्याची, ओल्या फडक्याची व माहितीची. मटकीला मोड आणून उसळ करणाऱ्या आमच्या गृहिणींस शास्त्र ठाऊक नव्हतें, पण कृति ठाऊक होती. मात्र उष्णतेनें हें जीवनसत्त्व बरेंच नाश पावतें. म्हणून मोड थोडेच वाफवावेत आणि वरून लिंबू पिळावें.

आतां वनस्पतीस घरांत काय हवें असतें, तें पाहूं. ऊब, ओल, हवा व उजेड या तिच्या चार गरजा होत. अंकुर फुटेपर्यंत पहिल्या तिहींवर भागतें, कारण कोंबाची शिदोरी दाण्यांतच भरलेली असते. ती शिदोरी संपल्यावर मात्र त्यास आपलें अन्न स्वतः कमवावें लागतें, आणि तें काम पानांतील हरितद्रव्य प्रकाशाच्या बळावर करितें. म्हणूनच पॅरीच्या पेट्यांतील रोपें पांढुरकीं निघालीं. त्यांस ऊब होती, पण उजेड नव्हता. शिदोरीवर तीं आठवडाभर जगलीं. याहून अधिक वाढविण्याचा प्रयत्न केला असता तर तीं मेलीं असतीं.

घरांतला मळा फसतो तो बहुधा याच कारणानें. मनुष्याचा डोळा मोठा लबाड आहे. खोलींत उजेड कमी असला तरी बाहुली मोठी होऊन आपणांस सर्व स्वच्छ दिसतें व येथें भरपूर उजेड आहे, असें आपण समजतों. वनस्पतीस ही फसवणूक चालत नाहीं. खिडकीपासून चार हात आंत ठेविलेल्या कुंडीस खिडकींतल्या कुंडीच्या मानानें फारच थोडा प्रकाश मिळतो. मग रोप उंच, किडकिडीत व फिकट होतें आणि खिडकीकडे झुकतें. हें झुकणें कसें होतें याचा शोध चार्लस डार्विन व त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनीं घेतला व तो १८८० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. गवताच्या कोंबाच्या शेंड्यावर त्यांनीं प्रकाश न शिरणारी लहानशी टोपी घातली, तों कोंब वळेनासा झाला. म्हणजे प्रकाशाची दिशा ओळखतो शेंडा, आणि वळतो मात्र त्याच्या खालचा भाग.

कोणती खिडकी चांगली, हें भूगोलावरून ठरतें. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस राहतों. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईस भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंशच वर येतो व दिवस सुमारें ११ तासांचा असतो. म्हणून त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकींतून ऊन खोलीच्या आंतपर्यंत येतें. लंडनास तोच सूर्य जेमतेम १५ अंश चढतो आणि दिवस आठ तासांहूनही लहान असतो. तेथील मंडळींस दक्षिणेची खिडकीही पुरत नाहीं. पुष्कळजण कुंड्यांवर विजेचे दिवे टांगतात. या दृष्टीनें पाहिलें असतां आपण किती भाग्यवान आहों बरें!

दिव्यांवर पाला पिकविण्याची कला आतां कोणत्या थरास गेली आहे, याचें एक उदाहरण देतों. दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडांत जर्मन लोकांचें नॉयमायर नांवाचें संशोधनकेंद्र आहे. तेथें हिंवाळ्यांत सुमारें दोन महिने सूर्य उगवत नाहीं. १९०२ सालीं याच खंडाच्या दुसऱ्या एका किनाऱ्यावर कॅप्टन स्कॉट यांच्या 'डिस्कव्हरी' जहाजावरील डॉक्टरांनींही मोहरी व हळीव पेरून पाहिले होते. २०१८ सालीं जर्मन शास्त्रज्ञांनीं नॉयमायर केंद्रापासून सुमारें ४०० मीटरांवर एक बंद पेटीवजा मळा उभारला. त्यांत मातीचा कणही नव्हता. मुळें हवेंत लोंबत ठेवून त्यांवर क्षारयुक्त पाण्याचा फवारा मारीत, आणि सूर्याच्या जागीं विजेचे दिवे होते. अवघ्या साडेबारा चौरस मीटर जागेंत त्या वर्षीं सुमारें २६८ किलो पीक निघालें. त्यांत ११७ किलो लेट्यूस, ६७ किलो काकड्या व ५० किलो टोमॅटो होते. त्या हिंवाळ्यांत केंद्रावर राहिलेल्या दहा मनुष्यांस ताजा पाला मिळाला. पॅरीची शेगडी व हा विजेचा मळा यांत जवळजवळ दोनशें वर्षांचें अंतर आहे. परंतु तत्त्व एकच, आणि तें आमच्या कोणत्याही विद्यार्थ्यास आपल्या खिडकींत पडताळून पाहतां येण्याजोगें आहे.

आपणांकडे हें करावें कशासाठीं, असें कोणी विचारील. एक तर शहरांत आज असंख्य कुटुंबें अशा घरांत राहतात कीं, ज्यांस अंगण नाहीं; खिडकीची चौकट हीच त्यांची जमीन. दुसरें असें कीं, कोथिंबीर व लेट्यूस हीं थंडी मानवणारीं आहेत. उन्हाळ्यांत तीं पानें धरण्याऐवजीं लवकर फुलावर येतात. तेव्हां आरंभ करण्यास हिंवाळा हाच योग्य काळ. खालीं सोप्यापासून कठीणापर्यंत चार प्रयोग देतों.

पहिला प्रयोग हळीव व मोहरीचा. एका ताटलींत जुन्या स्वच्छ सुती कापडाची चौपदरी घडी पसरून ती ओली करावी. त्यावर अर्ध्या भागांत हळीव विरळ, एकापुढें एक असे पसरावे. ढीग करूं नये. हळीव भिजले म्हणजे त्यांभोंवतीं बुळबुळीत वेष्टण येतें व दाणे कापडास चिकटून राहतात. मोहरी लवकर वाढते, म्हणून ती उरलेल्या अर्ध्या भागांत तीन दिवसांनीं टाकावी, म्हणजे दोन्ही एकदमच कापणीस येतात. कोंब दिसेपर्यंत वर दुसरी ताटली पालथी घालावी. मग ताटली उजेडांत ठेवावी. पाणी वरून न ओततां कडेनें चमच्यानें सोडावें. आठ-दहा दिवसांत रोपें दोन बोटें उंच झालीं कीं कातरीनें कापून, धुऊन, कोशिंबिरींत घालावीं. चव किंचित् तिखट असते. कापलेलें पीक पुन्हां फुटत नाहीं. दर चार-पांच दिवसांनीं नवी ताटली पेरावी, म्हणजे खंड पडत नाहीं.

दुसरा प्रयोग मेथीचा. मुंबईच्या बाजारांत समुद्रमेथीच्या बारीक जुड्या मिळतात. ती वाळूंत वाढवितात व कोवळी असतांनाच मुळांसकट उपटतात. तसाच वाफा आपणांस एखाद्या लाकडी खोक्यांत किंवा पत्र्याच्या डब्यांत करितां येतो. डब्याच्या बुडास भोंकें अवश्य पाडावीं. मेथ्या रात्रभर भिजवून ओलसर वाळूमिश्रित मातींत दाट पेराव्या. तीन-चार दिवसांत उगवतात.

तिसरा प्रयोग कोथिंबीर व पुदिन्याचा. धन्याचें एक फळ म्हणजे दोन बियांची जोडी असते. म्हणून धने हलक्या हातानें रगडून त्यांचीं दोन दळें करावीं व मग पेरावीं. उगवण्यास आठ ते पंधरा दिवस लागतात. उतावळेपणानें माती उकरून पाहूं नये. पुदिना बियांपासून करण्याची यातायात नको. बाजारच्या जुडींतील जोमदार काडी घेऊन खालचीं पानें काढावीं व ती पेलाभर पाण्यांत उभी करावी. मुळें फुटलीं कीं कुंडींत लावावी. पाणी एक दिवसाआड बदलावें.

चौथा प्रयोग लेट्यूसचा, ज्यास आपल्याकडे सालीट असेंही म्हणतात. याच्या बियांस उगवतांना उजेड लागतो. म्हणून त्या मातीच्या पृष्ठावर टाकून वर चिमूटभर माती भुरभुरावी, खोल पुरूं नयेत. फार उष्णतेंत हें बीं उगवत नाहीं. सबंध रोप न उपटतां बाहेरचीं पानें खुडीत गेल्यास एकच रोप पुष्कळ दिवस पुरवठा करितें.

कांहीं सूचना ध्यानांत ठेवाव्या. खाण्याच्या डब्यांतील दाणेच ताटलींत पेरावे. शेतीच्या पेरणीसाठीं विकत मिळणाऱ्या कित्येक बियांस विषारी औषध चोळलेलें असतें, त्या या कामीं मुळींच वापरूं नयेत. पाणी व कापड दोन्ही स्वच्छ असावींत. अंकुरांस आंबूस वास येऊं लागला किंवा बुरशी धरली तर तें सर्व फेंकून द्यावें. कुंडींतील रोपें पाण्याअभावीं मरतात त्यापेक्षां अति पाण्यानें अधिक मरतात. बुडाशीं कुजून तीं एका रात्रींत माना टाकतात. मातींत बोट खुपसून पाहावें व कोरडें लागलें तरच पाणी घालावें. कुंडी रोज थोडी फिरवावी, म्हणजे रोप सरळ वाढतें. आणि घरांत कोणी आजारी असल्यास ताटलीवर विसंबून न राहतां डॉक्टरांस दाखवावें; पाला हें अन्न आहे, औषधाचा पर्याय नव्हे.

विद्यार्थ्यांनीं शाळेच्या खिडकींतही एक साधी परीक्षा करून पाहावी. हळिवाच्या दोन ताटल्या एकाच दिवशीं पेराव्या. एक खिडकींत उघडी ठेवावी व दुसरीवर खोकें पालथें घालावें. दररोज दोहोंची उंची मोजून वहींत टिपावी. आठव्या दिवशीं खोक्याखालचीं रोपें अधिक उंच आढळतील. परंतु तीं पिंवळीं, अशक्त व आडवीं पडणारीं असतील. खिडकींतलीं बुटकीं, हिरवीं व ताठ असतील. उंची म्हणजेच वाढ नव्हे, हें त्यावेळीं कोणीं न सांगतां कळेल. मग त्या पिंवळ्या रोपांची ताटली उन्हांत ठेवावी आणि काय होतें तें पाहावें.

हळीव व मोहरी मुठीमुठीनें घेतली तरी फारसा खर्च येत नाहीं. पालकांनीं एक जुनी ताटली, एक फडकें व खिडकीचा एक कोपरा मुलांस मोकळा करून द्यावा, एवढीच आमची विनंति आहे. बर्फांत अडकलेल्या जहाजावर जें मनुष्यांस शेगडीच्या नळापाशीं साधलें, तें स्वच्छ सूर्यप्रकाश असलेल्या आपल्या देशांत न साधण्यास कांहीं कारण नाहीं. वर्षाच्या परीक्षेपूर्वीं निदान एक पीक आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं निघावें व त्याची कोशिंबीर सर्वांनीं मिळून खावी.